बोअरचं पाणी तपासताय? आधी एवढंच करा

टीडीएस मीटर घेतलात, छान. पण तो विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. जंतू त्यात दिसतच नाहीत. १५० आकडा आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

सुरुवातीला तीनच चाचण्या:
- ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू): १०० मिलीत एकही नको
- नायट्रेट: लिटरला ४५ मिग्रॅपर्यंत
- फ्लोराइड: १ पर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ (यवतमाळ-चंद्रपूरकडे असाल तर हीच आधी)

बहुतेक जण चुकतात ते नमुना घेताना. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच हवी, कोल्ड्रिंकची धुतलेली चालत नाही. नळाची जाळी काढा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. झाकणाला आतून बोट लावू नका. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. आणि हो, नमुना फिल्टरच्या आधीचा! आर्सेनिक, कीटकनाशकं नंतर बघू.