कुत्रा एकीचा, शी मात्र सगळ्यांनी उचलायची?

प्रश्न: आम्ही तिघी एका घरात भाड्याने राहतो, मागे छोटं अंगण आहे. एका रूममेटने वर्षापूर्वी कुत्रा आणला, आम्हाला पण तो खूप आवडतो. पण त्याची शी अंगणात दोन-दोन दिवस पडून असते. ती म्हणते लाड सगळ्या करता ना, मग जिला दिसेल तिने उचलायची. शेवटी दर वेळी मीच उचलते. काय करू?

उत्तर: अगं, 'जिला दिसेल तिने' हा नियमच आधी बंद करा. ऐकायला समान वाटतो पण होतं काय, जिला वास आधी असह्य होतो तिच्याच गळ्यात काम पडतं आणि बाकीच्यांना काही दिसतच नाही.

माझं मत विचारशील तर कुत्रा जिचा, काम तिचं. त्याला काय खायला घालायचं, डॉक्टरकडे कधी न्यायचं हे सगळं ती ठरवते ना, मग शी पण तिनेच उचलायची. तुम्ही दोघी थोडा वेळ खेळता म्हणून तो तुमचा होत नाही. हां, तिघींनी मिळून पाळायचाय असं खरंच ठरलं असेल तर जिची फिरवायची पाळी तिनेच त्या वेळची शी उचलायची, आणि ती आजारी असेल किंवा गावाला जाणार असेल तर आधी विचारून जायचं, गृहीत धरून नाही.

आणि रोजच्या रोज उचलायला हवी हा काही नुसता स्वच्छतेचा हट्ट नाहीये. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी ताज्या शीतून लगेच लागण करत नाहीत, पण बाहेर पडल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांत ती तयार होतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं टिकतात, तोवर शी पावसाने विरघळून गेलेली असते त्यामुळे कुणाला पत्तापण नसतो. त्याच मातीत हात घातला आणि तो तोंडात गेला की झालं. मातीत मिसळलं की खत होतं म्हणून सोडून देतात काही जण, तसं करू नका, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यातच टाका.

शी उचलून चिडलेली असताना तिच्याशी बोलू नकोस, दोन दिवसांनी शांतपणे तिघी बसा. जेवण ठरलेल्या वेळी दिलं की शीची वेळपण बरीचशी ठरते, तेव्हा तिला सोयीची वेळ तिलाच ठरवू दे. आणि जंताचं औषध शेवटचं कधी दिलं तेवढं नक्की विचार, मोठ्या कुत्र्याला साधारण दर ३ महिन्यांनी देतात.