कोल्हापुरात फ्लॅटमध्ये दोन मांजरं आहेत. पावसाळ्यात लिटर बॉक्सचा, म्हणजे त्यांच्या शी-शूच्या ट्रेचा, वास जात नाही. त्यात भरायला कोणतं लिटर घ्यावं?

बेंटोनाइटचं, म्हणजे मातीचं गोळे होणारं, बिनवासाचं घ्या. लघवी पडली की घट्ट गोळा होतो, तेवढाच उचलता येतो. लव्हेंडरबिव्हेंडर नको, तो वास आपल्यासाठी असतो, मांजराला तो नकोसाच होतो. टिंबर मार्केटातला लाकडी भुसा स्वस्त पडतो खरा, पण त्याचा गोळा होत नाही आणि जुलै-ऑगस्टच्या आपल्या पावसात तो आधीच दमट झालेला असतो.

पण वास बहुतेकदा लिटरपेक्षा आळसामुळे येतो! दोन मांजरांना तीन बॉक्स हवेत. जागा नसेल तर निदान दोन, तेही वेगवेगळ्या ठिकाणी. थर दोन-तीन इंच. गोळे आणि शी सकाळ-संध्याकाळ काढा. महिन्याभरात सगळं ओतून टाकून ट्रे साध्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. फिनाइल अजिबात नको, त्यातली रसायनं मांजराला विषारी ठरू शकतात. ब्लीचही नको, कारण लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू तयार होतो.

गोळे संडासात टाकू नका, पाइप तुंबेल. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, मांजराच्या शीतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा पोटातल्या बाळाला धोका असतो.

आणि बोका वारंवार बॉक्समध्ये बसून जोर करतोय, पण लघवी होत नाही असं दिसलं तर लिटर बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.