रोपं नंतर, आधी टँकरचं बोला

प्रश्न : आमच्या कॉलनीची खुली जागा नाल्याला लागून आहे. सगळी वेडी बाभूळ माजलीय. आमचं मंडळ नोंदणीकृत आहे. पालिकेत गेलो तर म्हणाले, "जूनमध्ये रोपं देतो, लावून टाका." जागा भाडेपट्ट्यानं मिळेल का? झाडं कोणती लावावीत?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : भाऊ, भाडेपट्ट्याच्या नादी लागू नका. पट्टा म्हटला की मंजुऱ्या आल्या, हरकती आल्या आणि 'मंडळानं जागा ढापली' म्हणणारेही आले. मालकी पालिकेचीच राहू द्या, तुम्ही देखभालीचा करार मागा. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या. मुख्याधिकारी तोंडी हो म्हणाले तर चहा प्या आणि ठराव क्रमांक विचारा. साहेबांची बदली होते, ठराव दप्तरात राहतो.

करारात रोपांचा आकडा सगळ्यात शेवटी लिहा. आधी पाणी. निदान तीन उन्हाळे टँकर कोणाचा, आठवड्याला फेऱ्या किती, डिझेल कोण भरणार? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. जूनच्या फोटोतलं रोप तिथवर टिकतं का, ते वन खात्यातल्या नोकरीत पुष्कळ पाहिलंय. मग कुंपण, आणि शेळ्या. शेळ्यांचे मालक तुमच्याच गल्लीतले असतील तर त्यांना मंडळात घ्या, गवत कापून न्यायचा हक्क द्या.

वेडी बाभूळ वरून छाटली की पहिल्या पावसात दुप्पट फुटते. बुंध्याभोवती उकरून वीतभर खालून मुळासकट गड्डा काढावा लागतो. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती लेखी घ्या. नाल्याच्या काठची मात्र एका दमात काढू नका, माती तिनंच धरून ठेवलीय. तिथं आधी करंज, उंबर, अर्जुन लावा, ते रुजले की मग तिला हात घाला.

वरच्या कोरड्या भागात निंब, बोर, पळस आणि आपला सातपुड्यातला अंजन. अंजनाचं रोप सुरुवातीची वर्षं खाली मूळ सोडण्यात घालवतं, वर दिसायला जोडपानांची एक काडी. पाहणीला आलेला माणूस 'वाढ नाही' असा शेरा मारून जाईल. म्हणून करारात उंची धरू नका, 'जिवंत रोपं' एवढंच मोजायचं ठरवा.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावच्या लोकांनी जंगल राखलं तेही आधी नियम आणि दंड ठरवूनच.

मसुदा तयार झाला की पाठवा, पाण्याचं कलम मी वाचून देतो.