मेलेला मावाही चालत नाही: कोशर मालाबद्दल शेतकऱ्यांचे तीन प्रश्न

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यात वीस गुंठे ब्रोकोली आणि दहा गुंठे पालक-कोथिंबीर करतो. भाजी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्याला माल देतो. यंदा त्यांनी कोशरची अट घातली आणि ब्रोकोलीचे दोन लॉट परत आले. त्यात मावा, ही बारीक कीड, होता हे मान्य, पण फवारणीनंतर तो पूर्ण मेला होता. आता कोणतं औषध मारू?

उत्तर : दादा, औषधाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तुमचं औषध कमी पडलेलं नाही, मावा मेलाच. माल परत आला तो मेलेला मावा गड्ड्यात राहिला म्हणून.

आपण आजवर शिकलो ते असं, की कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली आणली म्हणजे काम झालं. कोशरचा हिशोब वेगळा आहे. ज्यू धर्मातल्या आहाराच्या नियमांना कशरूत म्हणतात आणि त्यात बसणारं अन्न म्हणजे कोशर. त्यांच्या लेवीय ग्रंथाच्या 11 व्या अध्यायात सरपटणारे, वळवळणारे जीव खायला मनाई आहे. तालमूद या त्यांच्या धर्मनियमांच्या ग्रंथात तर मुंगी खाणाऱ्यावर एकाच वेळी पाच निषेध मोडल्याचा दोष ठेवला आहे. इतर निषिद्ध पदार्थाचा थेंब चुकून अन्नात पडला आणि अन्न त्याच्या साठपट असलं, तर बहुतेक वेळा तो त्यात विरला असं मानतात. अख्खा किडा मात्र हजारात एक असला तरी विरत नाही. तो जिवंत आहे की मेलेला, याने काही फरक पडत नाही.

तुमच्या ओळखीत जैन कुटुंबं असतील. चातुर्मासात ती पालेभाजी घेत नाहीत, हे बाजारात माल नेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तिथे जीवहत्या टाळायची असते, इथे किडा पोटात जाऊ द्यायचा नसतो. कारणं वेगळी असली तरी पानाकडे बघण्याची बारकाई सारखीच आहे. गिऱ्हाईक नखरे करतंय असं कृपा करून समजू नका. 2004 साली न्यूयॉर्कच्या नळाच्या पाण्यात जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी जीव असल्याचं लक्षात आलं, तेव्हा तिथल्या अनेक ज्यू कुटुंबांनी आणि उपाहारगृहांनी नळाला गाळण्या बसवल्या. इतकं ते मनापासून पाळतात.

यात आपल्या सोयीची एक गोष्ट आहे. मोजमाप साध्या डोळ्याचं आहे. चांगली नजर असलेल्या माणसाला उजेडात जे दिसत नाही, ते बंदीत येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जीव किंवा डोळ्यांना न दिसणारी अंडी यांची काळजी करायची नाही. मात्र मावा दीड-दोन मिलिमीटरचा आणि फुलकिडा मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचा असतो. दोन्ही दिसतात. आणि ब्रोकोलीच्या घट्ट कळ्यांत दोघांनाही लपायला हवी तेवढी जागा मिळते.

पुढचा लॉट तोडण्याआधी ही तपासणी घरीच करा. शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक गड्डा घ्या. पांढऱ्या टोपात पाणी घेऊन भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब टाका. गड्डा उलटा बुडवून तीन मिनिटं ठेवा, मग देठाला धरून पाण्यातच जोरात हलवा. ते पाणी पांढऱ्या दाट विणीच्या कापडातून गाळा आणि कापड ताणून खालून मोबाईलचा टॉर्च लावा. गेल्या हंगामात एका शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही हेच केलं. गड्डा बाहेरून इतका हिरवागार आणि स्वच्छ होता, की मी स्वतः तो पास केला असता. कापडावर आधी नुसते करडे ठिपके दिसले, मातीचे वाटावेत असे. नीट पाहिल्यावर एकेकाला पाय आणि मिशा दिसू लागल्या. मोजले तर चौदा मावे आणि तीन फुलकिडे होते. शेतकरी आणि त्याच्या घरची माणसं गप्पच झाली. कारखान्यातला तपासनीस, ज्याला मशगियाख म्हणतात, जवळपास अशीच परीक्षा घेतो. फक्त त्याच्याकडे टॉर्चऐवजी उजेडाची पेटी असते.

आता मूळ उपाय. कीड मारायची नाही, आत येऊच द्यायची नाही. या कामात इस्राएलच्या शेतकऱ्यांचा अनुभव मोठा आहे. गाझा पट्टीच्या दक्षिण भागात गुश कातिफ नावाच्या वसाहती होत्या. तिथे वाळूत आणि बारीक जाळीच्या हरितगृहांत सॅलड, कोथिंबीर, शेपू असा किडीविना पाला पिकवला जाई आणि काटेकोर कोशर पाळणारी घरं तो विश्वासाने घेत. ऑगस्ट 2005 मध्ये त्या वसाहती रिकाम्या झाल्या, पण पद्धत टिकली आणि इस्राएलात इतरत्र आजही चालते.

तुमच्याकडे सुरुवात पालक-कोथिंबिरीपासून करा. ती पिकं महिना-दीड महिन्यात निघतात आणि जाळीखाली सहज येतात. 50 मेशची कीटकरोधक जाळी घ्या, साधं शेडनेट नको. या जाळीचं छिद्र रुंदीला पाव मिलिमीटरच्या जरा वर असतं. त्यातून मावा आणि पांढरी माशी येत नाही, पण फुलकिडा अंग चोरून येऊ शकतो. म्हणून आत निळे चिकट सापळे हवेतच, आणि मावा-पांढऱ्या माशीवर नजर ठेवायला पिवळेही. दार दुहेरी ठेवा, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बहुतेकांची चूक दारातच होते. मजूर दुपारी जेवायला निघतात, दार दगड लावून उघडं राहतं आणि महिनाभराची मेहनत तासाभरात वाया जाते. पिवळा किंवा निळा सदरा घालून आत जाऊ नका, त्या रंगावर किडे बसून येतात. जाळीच्या कडेने तीन-चार फूट पट्टा तणमुक्त ठेवा. बारीक जाळीने हवा कोंडते, दमटपणा वाढतो आणि पानांवर बुरशी येते. म्हणून छत उंच ठेवा आणि पाणी ठिबकने, सकाळीच द्या. युरियाचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं आणि मावा तिकडेच धावतो.

वीस गुंठे ब्रोकोली जाळीत घेणं लगेच परवडणार नाही. तिथे मोहरीचं सापळा पीक घ्या. दर 25 ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी, त्यातली एक ओळ लागवडीआधी 15 दिवस आणि दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी पेरा. मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी मोहरीवर जातो, फवारा तिथेच मारा. मुख्य पिकावर कळी धरण्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क चालेल. गड्डा बांधायला लागल्यावर जे माराल ते आत अडकून राहतं, मेलेला किडाही आणि औषधाचा अंशही. रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलंच घ्या आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ पूर्ण पाळा.

एक गोष्ट सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगितली पाहिजे. एरवी मी मावा खाणाऱ्या क्रायसोपा किड्याची अंडी सोडा, ढालकिडे जपा असं सांगत असतो. कोशरच्या मालात मित्रकीडसुद्धा किडाच धरतात. या प्लॉटपुरतं त्यांना काढणीच्या आधी लांब ठेवावं लागेल.

तरीही दर वेळी शंभर टक्के साधणार नाही. तपासणीत साधारण दहा टक्के किंवा जास्त नगांत किडा निघाला, तर त्या मालाचा प्रत्येक नग तपासावाच लागतो असं अनेक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मानतात. म्हणून कारखान्याशी लेखी बोलून घ्या: किती गड्डे तपासणार, कुठे तपासणार आणि नाकारलेला माल कोणाच्या खर्चाने परत येणार.

प्रश्न : आम्ही अलिबागजवळचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. भात निघाल्यावर वाल करतो. माझी बहीण इस्राएलात अश्दोदला असते, तिला बिरड्यासाठी वाल आणि मलिद्यासाठी पोहे पाठवते. वालात भुंगे निघतात, ती फेकून देते. डबा फ्रीजरमध्ये ठेवला तर चालेल का?

उत्तर : ताई, फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवलंत तर भुंगा, अळी, अंडी सगळं मरेल आणि पुढची वाढ थांबेल. पण अळी दाण्यातच मरून राहील, आणि तुमच्या बहिणीची अडचण तीच आहे.

कडधान्याचा भुंगेरा कोठारातच लागतो असा समज आहे. वालावर तो शेतातच येतो आणि वाळत आलेल्या शेंगेवर अंडी घालतो. तेव्हा शेंगा वाळल्या की झाडावर ठेवू नका, लगेच काढा आणि मळा. दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत उन्हात वाळवा, मग हवाबंद डब्यात भरा. गोल भोक पडलेला दाणा तर टाकायचाच. ज्याच्या सालीवर गोल, पारदर्शक खिडकीसारखा डाग दिसतो तोही टाका, त्याच्या आत भुंगा बाहेर पडायच्या तयारीत असतो.

उरलेलं काम तुमची जुनी पद्धतच करते. बिरड्याला वाल भिजवून, मोड आणून सोलताना एकेक दाणा बोटांत येतो आणि त्याच्या दोन पाकळ्या होतात. आत काही असेल तर ते तिथेच दिसतं. बहिणीला सांगा, सोलायचं काम खिडकीपाशी, पांढऱ्या ताटात करायचं. पोहे मात्र ताजे गिरणीतून आणा, बारीक चाळणीने चाळा, ताटात पातळ पसरून बघा आणि मगच भरा. परदेशी अख्खे दाणे पाठवण्याआधी त्या देशाचे वनस्पती-आरोग्याचे नियम बघून घ्या.

प्रश्न : पुरंदरचं सुकं अंजीर कोशरवाल्यांना देता येईल का? अंजिरात माशी असतेच असं म्हणतात.

उत्तर : ती गोष्ट अंजिराच्या दुसऱ्या प्रकारांची. आपल्या पूना अंजिराला फळ धरायला परागीकरण लागत नाही, त्यामुळे अंजीरमाशी आत शिरण्याचा प्रश्न नाही. पण फळ पिकलं की डोळा, म्हणजे फळाच्या टोकाचं छिद्र, उघडतो आणि मुंग्या, बारीक भुंगे, फळमाशी तिथून आत जातात. डोळा उघडायच्या आत तोडा, खाली पडलेलं फळ घेऊ नका. अख्खं सुकवण्याऐवजी दोन फाकी करून, जाळीखाली सुकवा. घेणाऱ्याला अंजीर उघडूनच बघायचं असतं.