मोठा इग्वाना माणसाळतो का, की पिल्लूच आणावं?

तुम्हाला पाच वर्षांचा इग्वाना, म्हणजे पाला खाणारा मोठा परदेशी सरडा, मिळतोय, पण लहानपणापासून हाताळला तरच त्याला लळा लागतो असं कुणी सांगितल्याने तुम्ही अडून बसलायत. मी इथे मालवणात दोन्ही सांभाळलेत. आधी पिल्लू, नंतर गाव सोडून जाणाऱ्या एकाने दिलेला चार वर्षांचा नर. माझं ऐकाल तर मोठा घ्या.

वीतभर पिल्लाला सगळं जग खायला उठलेलं असतं. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. वरून हात गेला की त्याच्या लेखी घारच आली. माझं पिल्लू कित्येक महिने मला पाहून काचेवर धडकायचं. एकदा घाईत मी त्याला शेपटीकडून धरलं आणि शेपटीचा तुकडा माझ्या मुठीत वळवळत राहिला. नवी शेपटी आली, काळपट आणि आखूड. ती दिसली की अजून वाईट वाटतं. शिवाय पिल्लू आज गरीब असलं तरी नर वयात आला की माजाच्या दिवसांत अंगावर येऊ शकतो. मोठ्याचा स्वभाव निदान आधी बघून घेता येतो.

मोठा आला तेव्हा गळ्याची झोळ ताणून, अंग चपटं करून, शेपटी उगारून उभा. पंधरा दिवस मी हात लावला नाही. रोज सकाळी पिंजऱ्याशेजारी बसून भाजी निवडायचे, शेवग्याचा पाला ठेवायचे आणि उठायचे. तिसऱ्या आठवड्यात जास्वंदीचं फूल खालून, बाजूने पुढे केलं. जिभेचं टोक आधी पाकळीला लागलं, मग माझ्या अंगठ्याला, आणि मग त्याने फूल ओढून घेतलं. आता दार उघडलं की तो स्वतः पुढे येतो. कुत्र्याची माया वेगळी. याची असते ती ओळख, आणि ती मिळाल्याचा मला फार आनंद आहे.

आपली दमट हवा त्याला मानवते, पण पावसात वीज गेली की जपा. बसायच्या जागी दिवसा ३२ ते ३५ अंश ऊब हवी, उन्हातले अतिनील किरण देणारा यूव्हीबी दिवाही हवा. गारठला की तो काळपट पडतो, खात नाही, जवळ येत नाही. लोकांना वाटतं विसरला. तो फक्त थंड पडलेला असतो.

आणि कागद बघा. २०२४ च्या नियमांनुसार इग्वानाची परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी लागते. आमच्या शेजारच्या काकी अजून विचारतात, "ही घोरपड कित्याक हाडलंस गो?" (कशाला आणलीस गं?) घोरपड पाळणं गुन्हा आहे, त्यामुळे हा फरक कागदावर दाखवता आला पाहिजे.

आणताना मालकाकडून त्याची जुनी बसायची फांदी मागून घ्या. माझा पहिले आठ दिवस तिच्यावरून हलला नव्हता.