घराच्या हिरवळीसाठी आणि अंगणासाठी कोणती यंत्रे आधी घ्यावीत?

तुम्ही विचारले आहे की घराभोवती सुमारे 200 चौरस मीटर हिरवळ, एका बाजूला झुडपांचे कुंपण आणि दोन-तीन झाडे असतील, तर कोणती यंत्रे खरोखर लागतात आणि ती पेट्रोलवरची घ्यावीत की बॅटरीवरची. एवढ्या जागेसाठी माझे मत असे आहे की आधी बॅटरी ठरवावी आणि मग यंत्रे. सुरुवातीला गवत कापण्याचे यंत्र आणि कडा साफ करणारा ट्रिमर ही दोनच घ्यावीत, मात्र ती एकाच प्रकारच्या बॅटरीवर चालणारी असावीत. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. बॅटरी एकच ठेवली, तर पुढे एखादे यंत्र वाढवताना नुसते यंत्र घेतले की भागते.

बॅटरी किती वेळ पुरेल हे नुसत्या व्होल्टवरून कळत नाही. व्होल्ट आणि ॲम्पिअर-अवर यांचा गुणाकार करावा लागतो. 36 व्होल्ट आणि 4 ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीत 144 वॅट-अवर ऊर्जा असते, आणि मोटर सरासरी 400 वॅट घेत असेल तर ती 20 मिनिटांच्या आसपास चालते. आता कामाचा हिशेब पाहा. 35 सेंटीमीटर रुंदीचे यंत्र पट्ट्यावर पट्टा थोडा चढवत चालवले, तर प्रत्येक फेरीत 30 सेंटीमीटर नवे गवत कापले जाते. मिनिटाला 50 मीटर चालल्यास 15 चौरस मीटर होतात. म्हणजे तुमच्या हिरवळीला 14 मिनिटे, आणि वळणे धरली तर 20 मिनिटे लागतील. ही बॅटरी जेमतेम पुरेल, पण गवत वाढलेले किंवा ओलसर असेल तर अर्ध्यावर थांबावे लागेल, म्हणून मी 6 ॲम्पिअर-अवरची बॅटरी घ्यायला सांगेन. खोक्यावर 40 व्होल्ट लिहिलेले दिसले तरी फरक पडत नाही: तो पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा असतो, आणि प्रत्यक्षात ती बहुधा 36 व्होल्टचीच असते.

पेट्रोलचे यंत्र एवढ्याशा जागेत त्रासाचेच ठरते. टाकीत काही महिने राहिलेले पेट्रोल खराब होऊन कार्बोरेटर तुंबवते, ऑइल बदलावे लागते, आणि आवाजामुळे कानांना संरक्षण लावल्याशिवाय काम करू नये. वायरवर चालणारे यंत्र स्वस्त आणि हलके असते. प्लग जवळ असेल तर ते जरूर घ्यावे, फक्त जोडणीवर 30 मिलिॲम्पिअर वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे संरक्षण असावे आणि प्लगच्या बाजूने सुरुवात करून वायर नेहमी कापलेल्या भागावर ठेवावी.

गवत कापण्याच्या यंत्रात दोन जाती आहेत. फिरत्या रुळावर पाती असलेले यंत्र कात्रीसारखे स्वच्छ कापते, पण त्याला सपाट जमीन आणि आखूड गवत लागते. आडवे पाते गरगर फिरवणारे यंत्र उंच-सखल जागेतही चालते, म्हणून घरासाठी मी तेच सुचवेन. उंची कमी-जास्त करण्याची सोय नीट पाहून घ्यावी, कारण एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. पात्याची धार गेली की गवत कापले न जाता फाटते: काप जवळून पाहिला तर टोकाला पांढरट तंतू लोंबताना दिसतात आणि ती टोके लवकरच तपकिरी पडतात. असे दिसले की बॅटरी काढून पाते उतरवावे, कानशीने धार लावावी आणि दोन्ही बाजूंचे वजन सारखे आहे ना, हे पाते खिळ्यावर अडकवून तपासावे.

ट्रिमरच्या बाबतीत माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. त्याची गवत कापणारी फिरती नायलॉनची दोरी झाडाच्या बुंध्याला वारंवार लागली, तर साल गोलाकार सोलली जाते आणि तरुण झाड वाळून जाते. म्हणून बुंध्याभोवती हातभर जागा गवताविना ठेवावी. शिफारस केलेल्यापेक्षा जाड दोरी घालू नये, त्याने मोटर तापते.

कुंपण पाच-सहा मीटरपेक्षा लांब असेल तर हेज ट्रिमर, म्हणजे झुडपे छाटणारे दातेरी यंत्र, घ्यावा, नाहीतर हातकात्री पुरते. हेज ट्रिमरच्या दातांमधील फट तुमच्या फांद्यांच्या जाडीपेक्षा जास्त हवी. पाने उडवणारा ब्लोअर सगळ्यांत शेवटी. पाने गोळा करायला दाताळे चालते. चेनसॉ तर घेऊच नये. दोन-तीन झाडांच्या मनगटाएवढ्या फांद्यांना हातकरवत पुरेशी आहे, आणि त्याहून जाड फांदी जाणकार माणसाकडून कापून घ्यावी.

खरेदीपूर्वी यंत्र बॅटरी लावून हातात धरून पाहा, आणि पाते व दोरीचे रीळ सुटे मिळते का ते विचारा. जागा उताराची असेल तर गवताचे यंत्र वर-खाली न चालवता उताराला आडवे चालवावे, म्हणजे पाय घसरला तरी ते अंगावर येत नाही.