देवावर रागावले, म्हणजे माझी श्रद्धा गेली का?

"मॅडम, रोज पवित्र शास्त्र उघडते. वाचताना रागच येतो. हे पाप आहे का हो?"

वास्कोतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत काकींनी हे विचारलं ते अगदी दबक्या आवाजात. प्रश्न मला नवा नाही. उपास सोडलेल्या, देवघरातला दिवा बंद केलेल्या बायकाही हेच विचारतात. (काकींनी लिहायला होकार दिलाय; ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

काकी मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. मिस्टर बंदरात नोकरीला, म्हणून इकडे आल्या. शेजार कोंकणी मिस्साला जाणारा, यांची प्रार्थना मात्र मराठीतच. मिस्टरांच्या किडन्या निकामी झाल्या. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मग ते गेले. अंत्यविधीला कुणीतरी पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचला. ईयोब म्हणजे काही दोष नसताना मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेला माणूस. तो म्हणतो: देवाने दिलं, देवाने नेलं. पुढे प्रार्थनेच्या बैठकीत एक बाई म्हणाल्या, मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असता तर भाऊ उठून बसले असते.

मी काय करावं? "मनाला लावून घेऊ नका, त्यांचा हेतू वाईट नसेल," म्हणून मोकळी झाले. काकींनी पर्स उचलली. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही ही चूक होते माझ्याकडून.

तरी त्या पुन्हा आल्या. या खेपेला आधी साधे प्रश्न. झोप? पहाटे तीनला जाग येते. जेवण? चहा-पाव. मरून जावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. "नाही. पण उठावंसंही वाटत नाही." हे महिनोन् महिने चाललं होतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी घेतली म्हणजे प्रार्थनेवर भरवसा नाही असं होत नाही, हे मात्र मला तीनदा सांगावं लागलं.

मग मिस्टरांची फाईल आणायला सांगितली. वीस वर्षांचा मधुमेह, वाढत गेलेलं क्रिएटिनिन, सगळं तारीखवार. "यात तुमचा विश्वास कुठल्या पानावर कमी पडला ते दाखवा," म्हटलं. काकी बराच वेळ कागद उलटत राहिल्या. माणूस गेल्यावर 'मी कमी पडले' हे निदान कारण तरी असतं. कारणच नाही, हे त्याहून जड जातं. म्हणून माणसं अपराध स्वतःच्या पदरात घेतात, आणि तो घ्यायला लावणारे आजूबाजूला असतातच.

मी फोंड्याकडची, देवळाच्या आवारात वाढलेली. ख्रिस्ती ग्रंथांशी माझी ओळख म्हणजे कॉलेजात नेमलेल्या, फादर स्टीफन्स यांच्या 1616 सालच्या क्रिस्तपुराणातल्या काही ओव्या. म्हणून म्हटलं, "काकी, तुम्हीच वाचा, मी ऐकते." त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. खुणेला डायलिसिसच्या तारखांचं कार्ड, ईयोबाच्या पहिल्या अध्यायात.

"पुढे नाही वाचलंत?"

"शेवट ठाऊक आहे ना. सगळं दुप्पट मिळतं त्याला. मला दुप्पट नकोय, मॅडम."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि या खेपेला मी ते शोधलंही नाही. त्या वाचू लागल्या. दुसऱ्या अध्यायात मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. (त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच, असं माझं मत.) तिसऱ्या अध्यायात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. काकी थांबल्या, मागे जाऊन पुन्हा वाचलं. "हा तर माझ्यापेक्षा वाईट बोलतोय."

शेवटचा, बेचाळिसावा अध्याय मी आधी घरी चाळला होता. तिथे देव चिडतो तो, मधल्या अध्यायांत ईयोबालाच दोषी ठरवणाऱ्या त्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं खरं बोलला नाहीत, म्हणतो. ती ओळ काढून दिली. काकींचं बोट तिच्यावरून दोनदा फिरलं. मग त्यांनी स्वतःहून 88वं स्तोत्र काढलं, त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही. मी म्हटलं, आमची जनाबाईसुद्धा विठोबाला शिव्या घालते, आणि तिला कुणी नास्तिक म्हणत नाही. या वचनांचा अर्थ सांगणं माझं काम नव्हे, ते मी त्यांच्या पाळकसाहेबांवर सोपवलं. राग बोलून दाखवल्याने नातं तुटत नाही, एवढंच मी सांगू शकत होते. ज्याच्याशी संबंध संपला त्याच्यावर कोण पहाटे तीनला उठून चिडतं?

गेल्या महिन्यात काकी आल्या तेव्हा ते कार्ड बरंच पुढे सरकलं होतं.

"अजून देव बोललेला नाही," त्या म्हणाल्या. "मध्येच अलीहू म्हणून एक पोरगा उभा राहिलाय. सहा अध्याय झाले, बोलतोय आपला. आमच्या बैठकीतही आहे असाच एक."

आणि पदर तोंडाला लावून हसल्या.